मनाचा माळी : फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड

गावातल्या सार्वजनिक बागेत आपण सगळेच लहानपणी खेळलेलो असतो. परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन तिथल्या झाडाखाली बसलेलो असतो. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून घरी जाण्याआधी तिथल्या बाकावर तासभर काढणारेही आपल्यात असतील. बाग आपल्याला नाव-गाव विचारत नाही. थोडा वेळ बसावे, हिरवळीकडे पाहावे आणि उठताना मन थोडे हलके झालेले असावे, हे आपल्याला इतके साधे वाटते की यामागे कुणाचा तरी विचार असेल, कुणीतरी त्यासाठी भांडले असेल, झिजले असेल, हे ध्यानातही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असा एक माणूस होऊन गेला. शहरातल्या माणसाचे मन थकते, त्या थकव्यावर औषध आहे, आणि ते औषध श्रीमंताइतकेच मजुरालाही मिळाले पाहिजे, हा विचार त्याने खडक, माती, पाणी आणि झाडे यांच्या भाषेत मांडला. त्याचे नाव फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध सेंट्रल पार्कचा एक कर्ता म्हणून जग त्याला ओळखते. पण इतरांच्या मनासाठी बागा रचणाऱ्या या माणसाचे स्वतःचे मन आयुष्यभर किती पोळलेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ओल्मस्टेडचा जन्म 26 एप्रिल 1822 रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड या गावी झाला. वडील जॉन ओल्मस्टेड कापडाचे सधन व्यापारी होते. फ्रेडरिक चार वर्षांचाही नव्हता तेव्हा आई गेली. अफूच्या अर्काची मात्रा अधिक झाल्याने तिचा मृत्यू ओढवला. पुढे सावत्र आई आली. मुलाला शिक्षणासाठी गावोगावच्या पाद्र्यांच्या घरी ठेवण्यात आले. या पोरक्या बालपणात एकच सुख होते. वडील मितभाषी होते, पण त्यांना सृष्टिसौंदर्याचे वेड होते. सुटीत ते कुटुंबाला घोडागाडीत घालून नदीकाठाने, टेकड्यांमधून दिवसच्या दिवस हिंडवीत. कुणी फारसे बोलत नसे. गाडी चाले, आणि डोळ्यांसमोरून कुरणे, झाडी, ओढे सरकत राहत. न बोलता मनात उतरणाऱ्या त्या देखाव्यांचे ऋण ओल्मस्टेड पुढे जन्मभर फेडीत राहिला.

विद्यार्थी म्हणून त्याची कारकीर्द सांगण्यासारखी नाही. किशोरवयात सुमॅक नावाच्या एका विषारी झुडपाची बाधा होऊन त्याचे डोळे अधू झाले आणि येल महाविद्यालयात जाण्याचा बेत बारगळला. मग सुरू झाली धरसोड. 1840 मध्ये तो न्यूयॉर्कला एका आयात करणाऱ्या व्यापारी पेढीत कारकून झाला, आणि कंटाळून परत आला. 1843 मध्ये एका जहाजावर पोऱ्या म्हणून चीनला गेला, आणि रोगाने खंगून घरी परतला. मग शेती करायचे ठरले. उदार वडिलांनी आधी कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर आणि नंतर 1848 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर त्याला जमीन घेऊन दिली. शेतीत पैसा फारसा मिळाला नाही. पण पाण्याचा निचरा कसा करावा, कुठल्या मातीत कोणते झाड तग धरते, रस्त्याला वळण कुठे द्यावे, हे ज्ञान मिळाले. आपल्याकडे अशा मुलाला उडाणटप्पू म्हणून मोकळे झाले असते. पस्तिशीपर्यंत त्याचा पाय कुठेच ठरला नाही.

1850 मध्ये धाकटा भाऊ जॉन आणि एक मित्र यांच्याबरोबर तो इंग्लंडमध्ये पायी हिंडायला निघाला. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड नावाचे गाव आहे. तेथील एका पाववाल्याने या तिघा परदेशी पोरांना आग्रहाने सांगितले, की गाव सोडण्यापूर्वी आमची नवी बाग पाहून जा. जोसेफ पॅक्स्टनने आखलेली ही बाग 1847 मध्ये खुली झाली होती आणि ती सार्वजनिक पैशातून उभारलेली होती. इंग्लंडमध्ये सुंदर उद्याने पुष्कळ होती, पण त्यांतली बहुतेक राजाची किंवा सरदारांची. इथे मात्र सर्व थरांतली माणसे एकाच हिरवळीवर वावरत होती आणि ती बाग त्यांच्या मालकीची होती. लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशात याच्या तोडीचे काहीच नाही, ही जाणीव त्या तरुण शेतकऱ्याला बोचली. परतल्यावर 1852 मध्ये त्याने या प्रवासाचे पुस्तक लिहिले.

त्याच वर्षापासून एका न्यूयॉर्कच्या दैनिकासाठी त्याने अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीच्या मुलखात दीर्घ प्रवास केले. गुलामी गुलामाला तर चिरडतेच, पण तिच्यामुळे सगळा समाजच उजाड होतो, हे त्याने तपशीलवार मांडले. तिथे सार्वजनिक असे काही नव्हते. चांगले रस्ते नव्हते, ग्रंथालये नव्हती, माणसांनी एकत्र यावे अशा जागा नव्हत्या. ज्या समाजात माणसे बरोबरीने एकमेकांसमोर येत नाहीत तो समाज रानटी होत जातो, हा निष्कर्ष घेऊन तो परतला. बर्कनहेडची हिरवळ आणि दक्षिणेतली ती ओसाडी या दोन चित्रांतून त्याचा पुढचा सारा विचार घडला.

1857 साल त्याच्यासाठी वाईट उगवले. ज्या प्रकाशनसंस्थेत त्याने पैसे गुंतवले होते ती बुडाली. डोक्यावर कर्ज होते. अशा वेळी न्यूयॉर्क शहर एक मोठे उद्यान करणार असून तिथे कामावर देखरेख करायला सुपरिंटेंडंट हवा आहे, असे कळले. सप्टेंबरमध्ये ती नोकरी त्याला मिळाली. नोव्हेंबरमध्ये जिवलग भाऊ जॉन नीस येथे क्षयाने वारला. मागे पत्नी मेरी आणि तीन लहान मुले राहिली. 1859 मध्ये ओल्मस्टेडने मेरीशी विवाह केला आणि तिन्ही मुलांना आपले मानले. हा विवाह सेंट्रल पार्कच्याच आवारात झाला.

उद्यानाच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली तेव्हा कॅल्व्हर्ट व्हॉक्स हा इंग्लंडहून आलेला वास्तुविशारद ओल्मस्टेडकडे आला. व्हॉक्सपाशी रेखाटनाचे कसब होते, तर ओल्मस्टेडला त्या जमिनीचा खडा न् खडा माहीत होता. दोघांनी रात्री जागून नकाशे केले. 33 आराखड्यांतून एप्रिल 1858 मध्ये त्यांचा आराखडा पहिला आला.

या आराखड्यात काय होते हे समजून घेतले पाहिजे, कारण ओल्मस्टेडचा सारा विचार त्यात सामावला आहे. जागा लांबट, खडकाळ, दलदलीची. आज ती 843 एकर भरते. तिच्यातून शहराचे चार रस्ते आडवे नेण्याची अट होती. इतर बहुतेक स्पर्धकांनी ते जमिनीच्या पातळीवरूनच नेले. या दोघांनी ते खाली खोदून नेले, म्हणजे मालाच्या गाड्या खालून जातील आणि वर हिरवळीवर चालणाऱ्याला त्यांची चाहूलही लागणार नाही. पादचारी, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा वेगळ्या केल्या, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे पूल व कमानी घातल्या. यामागे केवळ सोय नव्हती. शहरात माणूस सतत सावध असतो. धक्का लागेल, गाडी येईल, कुणी फसवील, या ताणात त्याचे चित्त दिवसभर आवळलेले असते. बागेत शिरल्यावर ही सावधगिरी आपोआप गळून पडली पाहिजे, असे ओल्मस्टेडला वाटे.

त्याच्या मते बागेने माणसाचे लक्ष वेधून घेता कामा नये. रंगीबेरंगी फुलांचे ताटवे, कारंजी, पुतळे यांच्याकडे पाहून आपण वाहवा म्हणतो, म्हणजे पुन्हा मेंदू कामाला लागतोच. उलट, दूरवर उताराने जाणारे कुरण, कडेला एकेकटी झाडे, पलीकडे धूसर होत जाणारी वनराई, असे दृश्य असले की नजर कुठे अडत नाही आणि मन नकळत सैल होते. गाणे ऐकताना जसे आपण प्रत्येक सुराचे नाव घेत नाही, तरी त्याचा परिणाम होतोच, तसे. म्हणूनच सेंट्रल पार्कमध्ये हिंडणाऱ्या कित्येकांना ती सारी जागा निसर्गतःच तशी होती असे वाटते. प्रत्यक्षात सुरुंगाने खडक फोडून, गाड्यांनी माती आणून, दलदलींची तळी करून ती रचलेली आहे. तीन हजारांहून अधिक मजूर एके काळी तिथे राबत होते. आपले श्रम दिसू नयेत यासाठी इतके श्रम घेणारा कलावंत विरळाच.

बागेच्या दक्षिण भागात, म्हणजे तेव्हाच्या वस्तीला जवळ पडेल अशा बाजूला, लहान मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी जागा राखली होती. शहरात तेव्हा भेसळीचे, दूषित दूध पिऊन बालके दगावत. तेथे मुलांना ताजे दूध मिळावे म्हणून पुढे एक टुमदार दूधघर बांधण्यात आले. बाग सर्वांसाठी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. कडेवर मूल घेऊन आलेली बाई किती लांब चालू शकेल याचाही हिशेब करावा लागतो.

पण इथेच एक कटू सत्य सांगितले पाहिजे. ज्या जमिनीवर ही बाग उभी राहिली ती मोकळी नव्हती. तिथे सुमारे सोळाशे माणसे राहत होती. त्यांतली एक वस्ती सेनेका व्हिलेज या नावाची. 1825 पासून मुक्त कृष्णवर्णीयांनी तिथे जमिनी विकत घेऊन घरे बांधली होती. 1855 च्या सुमारास तिथे सव्वादोनशे लोक होते, त्यांतले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकीचे बहुतेक आयरिश. त्यांची तीन प्रार्थनामंदिरे होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मतदानासाठी मालमत्तेची अट होती, म्हणून ती जमीन त्यांच्या दृष्टीने नुसती जमीन नव्हती. सरकारने भरपाई देऊन ती ताब्यात घेतली आणि 1857 मध्ये वस्ती मोडली. हा निर्णय ओल्मस्टेडच्या नेमणुकीपूर्वीचा. पण गुलामगिरीविरुद्ध लेखणी झिजवणाऱ्या माणसाची कीर्ती ज्या बागेवर उभी आहे, तिच्या पायाखाली हे विस्थापन आहे. शतकाहून अधिक काळ ही वस्ती विस्मरणात गेली होती. 2011 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा घरांचे पाये आणि संसाराच्या वस्तू हाती आल्या.

बाग खुली झाल्यावरही सर्वांसाठी हा शब्द खरा व्हायला वेळ लागला. मजुरांची वस्ती शहराच्या दक्षिण टोकाला होती. गाडीभाडे परवडत नसे आणि सुटी रविवारचीच. सुरुवातीच्या वर्षांत बग्ग्यांतून फिरणाऱ्या श्रीमंतांनीच बाग अधिक उपभोगली. शिवाय ओल्मस्टेडचे नियम कडक होते. त्याला शांतपणे चालणारी माणसे हवी होती, तर गरिबाच्या पोराला चेंडू खेळायला मोकळे मैदान हवे होते. या दोन इच्छांचे भांडण पुढे कित्येक वर्षे चालले. लोकांनी हळूहळू बाग आपलीशी केली आणि नियमांना मुरड घालायला लावली. सर्वांसाठी जागा करणाऱ्याने आधी सर्वांना विचारले पाहिजे, हा धडा ओल्मस्टेडच्या गुणांइतकाच त्याच्या उणिवांतूनही मिळतो.

या काळात त्याच्यावर दुःखे कोसळतच होती. 1860 च्या ऑगस्टमध्ये घोडागाडी उलटून त्याची मांडी मोडली आणि तो कायमचा लंगडा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचे तान्हे मूल दगावले. तरी खुर्चीत बसून, माणसांच्या खांद्यांवरून तो कामावर देखरेख करीत राहिला. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. सैनिकांच्या आरोग्यासाठी स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनचा तो मुख्य कार्यवाह झाला. 1862 च्या व्हर्जिनियातील मोहिमेत जखमींनी भरलेल्या रुग्णनौकांवर त्याने अहोरात्र काम केले. मग थकून, वादांना कंटाळून 1863 मध्ये तो कॅलिफोर्नियात एका सोन्याच्या खाणीचा व्यवस्थापक म्हणून गेला.

तिथून जवळच योसेमिटीचे अद्भुत खोरे होते. 1864 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ते जनतेसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, आणि ओल्मस्टेड तेथील मंडळाचा प्रमुख झाला. 1865 च्या ऑगस्टमध्ये त्याने सहकाऱ्यांपुढे एक अहवाल वाचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : सततच्या काळजीने आणि कामाच्या ताणाने माणसाचे मन झिजते, आणि त्यातून विषण्णता व वेड यांसारखे विकार उद्भवतात. रम्य निसर्गाच्या सहवासाने ही झीज भरून येते. राजेरजवाड्यांनी हे ओळखून उत्तम वनश्री स्वतःसाठी राखली. गरिबांना, आणि विशेषतः घरात कोंडलेल्या शेतकरी स्त्रियांना, या विश्रांतीची गरज सर्वांत जास्त असूनही ती त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून अशा जागा सर्व जनतेसाठी कायमच्या राखून ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. मंडळातल्या काहींनी तो अहवाल विधिमंडळापर्यंत पोचूच दिला नाही. 1952 मध्ये एका अभ्यासक बाईंनी त्याचे विखुरलेले भाग जुळवून तो प्रसिद्ध केला. तोवर राष्ट्रीय उद्यानांची कल्पना जगभर रुजली होती.

1865 च्या अखेरीस ओल्मस्टेड न्यूयॉर्कला परतला आणि पुढली तीस वर्षे त्याने मागे वळून पाहिले नाही. ब्रुकलिनचे प्रॉस्पेक्ट पार्क, बफेलो शहरातील बागांना जोडणारे वृक्षाच्छादित रस्ते, शिकागोजवळचे रिव्हरसाइड उपनगर ही कामे व्हॉक्सच्या साथीने झाली. पुढे बॉस्टन शहरात सांडपाण्याने नासलेल्या, दुर्गंधीने भरलेल्या एका खाडीच्या दलदलीत त्याने पुराचे पाणी सामावून घेणारी पाणथळ रचली आणि तिच्यापासून सुरू होणारी उद्यानांची माळ शहराच्या गळ्यात घातली. बॉस्टनकर तिला पाचूचा हार म्हणतात. नायगारा धबधब्याभोवती व्यापाऱ्यांनी कुंपणे घालून नुसते पाहण्याचेही पैसे उकळायला सुरुवात केली होती. ते थांबवण्याच्या चळवळीत तो अग्रभागी होता. 1885 मध्ये नायगारा जनतेसाठी मोकळा झाला.

मनोरुग्णालये हा त्याच्या कामाचा कमी ठाऊक असलेला भाग. त्या काळी काही विचारी डॉक्टरांचे मत होते, की वेड्याला साखळदंड नकोत. त्याला सूर्यप्रकाश हवा, काम हवे, खिडकीतून दिसणारे झाड हवे. ओल्मस्टेडला हे सांगावे लागले नाही. हार्टफर्डच्या मनोरुग्णालयाच्या आवाराबद्दल त्याने सल्ला दिला. बफेलोच्या राज्य मनोरुग्णालयाची इमारत एच. एच. रिचर्डसनची आणि भोवतालची भूरचना ओल्मस्टेड व व्हॉक्स यांची. रुग्णांच्या दालनांत ऊन यावे अशी त्या इमारतीची दिशा धरली होती. बॉस्टनच्या मॅक्लीन रुग्णालयाला नवी जागा हवी होती तेव्हाही, 1870 नंतरच्या दशकात, ती निवडताना त्याचाच सल्ला घेतला गेला. बेलमाँट येथील उतारावरची, झाडीने वेढलेली ती जागा होती.

हे सारे तो ज्या आस्थेने करी त्याचे कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात होते. निद्रानाश, डोकेदुखी, कानांतला अखंड गुणगुणाट आणि मधूनमधून येणारी काळीकुट्ट उदासी यांनी त्याला कधीच सोडले नाही. एखादे मोठे काम संपले की तो कोसळे, काही दिवस अंथरुणाला खिळे, आणि पुन्हा उठे. 1878 मध्ये शहरातल्या राजकारण्यांनी त्याला सेंट्रल पार्कच्या कामावरून काढले, तेव्हाही तो असाच खचला होता. मन थकते म्हणजे काय होते हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते, ते त्याच्या अंगावरून गेले होते.

1893 मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन भरले. त्याच निमित्ताने शहराच्या मध्यभागी सर्वधर्मपरिषद झाली आणि तिथे स्वामी विवेकानंदांनी जगाला भारताची ओळख करून दिली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या प्रदर्शनाची तळी, कालवे आणि मधले वृक्षाच्छादित बेट ओल्मस्टेडने रचले होते. झगमगत्या पांढऱ्या इमारतींच्या गर्दीत माणसाला क्षणभर शांत बसता यावे म्हणून ते बेट त्याला मोकळे हवे होते.

1895 पर्यंत त्याची स्मृती ढळू लागली. एकच मजकूर तो पुन्हा पुन्हा पत्रांत लिहू लागला. त्याने काम सोडले. मुलांनी पुष्कळ काळजी घेतली, परंतु अखेर 1898 मध्ये त्याला मॅक्लीन रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या जागेच्या निवडीसाठी त्याने सल्ला दिला होता, त्याच जागी तो रुग्ण म्हणून राहायला आला. आपल्या आराखड्याप्रमाणे आवार केलेले नाही, अशी कुरकुर तिथेही त्याने केली, असे सांगतात. बुद्धी विझत असतानाही डोळा माळ्याचाच राहिला होता. 28 ऑगस्ट 1903 रोजी तिथेच त्याने देह ठेवला.

पुढे 1984 मध्ये रॉजर उलरिक या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ओल्मस्टेडला अशा पुराव्याची वाट पाहावी लागली नव्हती. लहानपणी घोडागाडीतून दिसलेली कुरणे त्याला पुरेशी होती.

आपल्या गावातल्या बागेत पुढच्या वेळी जाल तेव्हा थोडे थांबून पाहा. फाटकाची पायरी म्हाताऱ्या माणसाला चढता येते का? चाकाच्या खुर्चीला आत जायला वाट आहे का? एकटी बाई संध्याकाळी बाकावर निर्धास्त बसू शकते का? ही जागा बाग होण्यापूर्वी इथे कुणाची घरे होती का? ओल्मस्टेडने यांतल्या काही प्रश्नांची उत्तरे दिली, काही त्याला सुचलेही नाहीत. जे सुचले नाहीत ते आता आपल्याकडे आले आहेत. आणि हे सगळे पाहून झाले की त्याच बाकावर जरा वेळ स्वस्थ बसा. त्याला तेच आवडले असते.